चौदा गाणी आणि एक जर्मन ओळ

इचलकरंजीच्या स्टँडवरून मुंबईची गाडी साडेचारला सुटणार होती आणि सव्वाचार वाजले तरी बाबांचा पत्ता नव्हता. मला गाडीत बसवून आई खाली खिडकीशी उभी होती आणि दर मिनिटाला रस्त्याकडे बघत होती. बाबा आले ते सायकल हाणत, अर्धी पाळी टाकून, केसांत आणि भुवयांवर कापसाचे तंतू तसेच. ते यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की तो उघडून पुन्हा चालता करायचा, हे त्यांचं काम. गाडीत चढून त्यांनी वर ठेवलेली माझी बॅग दोनदा ओढून बघितली, नीट बसली आहे ना म्हणून. आईच बोलली. गजांतून हात आत घालून तिनं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "पोचलीस की फोन कर. आणि हे बघ, बाबांना घोर लागंल असलं काय सांगत बसू नको."

मी मान हलवली. साल दोन हजार तीन, माझं वय तेवीस. ती मान मी किती सहज हलवली याचं आज नवल वाटतं. तुमच्यातले जे तिकडे राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्या दोघांसाठीही हे लिहिते आहे.

आखन हे जर्मनीतलं, बेल्जियम आणि हॉलंडच्या सीमेला टेकलेलं गाव. चुकीच्या बसमध्ये बसलं तर माणूस परदेशात पोचतो, हे मी पहिल्याच आठवड्यात करून दाखवलं. कापडाच्या इंजिनिअरिंगचा मास्टर्स करायला मी आले होते. जॉबरची पोरगी जर्मनीला गेली, म्हणून आमच्या गल्लीत त्याचा केवढा गाजावाजा झाला होता! इथे मात्र मी पोटमाळ्यावरच्या एका खोलीत राहणारी भाडेकरू होते, आणि माझं नाव सुजाताचं 'सुयाता' झालं होतं. जर्मन लोक 'ज'ला 'य' म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायची. नंतर सोडून दिलं.

घरमालकीण जर्मन नव्हती. फ्राऊ चोई, म्हणजे चोईबाई, कोरियाच्या. साठीच्या आसपासच्या, बुटक्या, ताठ चालणाऱ्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कोरियाहून बऱ्याच तरुण नर्सेस तीन वर्षांच्या करारावर जर्मनीत आल्या, त्यांतल्या त्या एक. त्यांचे यजमान इथल्या कोळशाच्या खाणीत होते; मी आले त्याच्या आधीच ते वारले होते. मुलगा टोमास कोलोनला बँकेत होता. तो रविवारी यायचा. आई त्याच्याशी कोरियनमध्ये बोलायची आणि तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. "गेनाऊ, मामा," म्हणजे 'बरोबर, आई', एवढंच बहुतेक वेळा. आई म्हणते ते त्याला निम्मंच कळतं, हे मला लवकरच समजलं.

आमचं दोघींचं बोलणं जर्मनमध्ये, दोघींच्याही आपापल्या उच्चारांत. माझ्या फोडणीला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही आणि बाल्कनीतल्या त्यांच्या किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या, बरण्यांना मी. एवढ्यावर आमचं चांगलं जमलं.

जमत नव्हतं ते मेकॅनिक्स. पहिल्या वर्षाच्या शेवटी मी त्यात नापास झाले. इथे एका विषयाला तीनदा बसता येतं. तिसऱ्यांदा गेलात तर विद्यापीठातून नाव कमी होतं, आणि नाव कमी झालं की व्हिसाही. पहिल्या खेपेला मी घरी सांगितलं की पेपर बरा गेला. दुसऱ्या खेपेला निकाल लागला, पुन्हा नापास, आणि त्या रविवारी बाबांनी फोनवर विचारलं, "मग? झालीस का पास?" मी म्हटलं, "हो."

पुढच्या रविवारी आईनं सांगितलं, बाबांनी कारखान्यात सगळ्या कामगारांना पेढे वाटले.

त्या दिवसापासून मी फोनवर कमी बोलू लागले. हवामानावर, भाज्यांवर. घरच्यांना वाटायचं अभ्यास फार आहे.

त्याच हिवाळ्यात फ्राऊ चोईंनी मला विचारलं, "तुझ्याकडे लॅपटॉप आहे ना? आणि शनिवारी दुपारी तू मोकळी असतेस ना?"

त्या आणि त्यांच्या जुन्या नर्स मैत्रिणी मिळून चर्चच्या सभागृहात नाटक करणार होत्या. नाटकात चौदा गाणी होती आणि त्यातलं एकही नवं नव्हतं. आपल्याकडे संगीत नाटकात पदं त्या नाटकासाठी लिहितात. इथे उलटा कारभार. त्यांच्या तरुणपणी कोरियाच्या रेडिओवर वाजणारी, त्या पिढीला तोंडपाठ असलेली प्रेमाची गाणी ओळीनं लावायची आणि त्यांच्या मधून गोष्ट गुंफायची. अशा नाटकांची कोरियात फार आवड आहे म्हणे. गोष्ट फ्राऊ चोईंनीच लिहिली होती. एक म्हातारी नर्स रेडिओ लावते, एकेक गाणं लागतं आणि एकेक आठवण उघडते. पहिलं प्रेम, लग्न, नवऱ्याचा मृत्यू, विमानतळ, इथले वॉर्ड, मग खाणीत काम करणाऱ्या एका माणसाची पत्रं. तरुण नर्सचं काम संगीत शिकणारी एक कोरियन मुलगी करणार होती, आणि म्हातारीचं स्वतः फ्राऊ चोई.

प्रेक्षकांत जर्मन शेजारी, हॉस्पिटलमधल्या जुन्या सहकारी आणि मुख्य म्हणजे या सगळ्यांची इथे वाढलेली मुलं, सुना, जावई असणार होते. म्हणून मागच्या पडद्यावर प्रत्येक वाक्याचं जर्मन भाषांतर दिसायला हवं होतं. ते टाईप करायचं, आणि प्रयोगात योग्य क्षणी बटण दाबून ओळ पुढे सरकवायची, हे माझं काम.

"पण मला कोरियन येत नाही," मी म्हटलं.

"वाचता तर येईल. दोन आठवड्यांत शिकवते."

आणि खरंच शिकवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजी निवडता निवडता. ती लिपी मला परकी वाटलीच नाही. व्यंजनाला स्वर जोडायचा, त्याचा एक ठोकळा करायचा. आपल्या बाराखडीचीच मावसबहीण. अर्थ कळत नसला तरी नटाच्या तोंडून निघणारी ओळ मी कागदावर बोटानं धरू लागले. हळूहळू शब्दही ओळखीचे झाले. आई, पाऊस, पत्र, मुलगी. मुलीला कोरियनमध्ये 'त्तल' म्हणतात.

या 'त्तल'नंच घोळ केला. अकराव्या गाण्याआधी म्हातारी एक वाक्य बोलते. फ्राऊ चोईंनी सांगितलेलं जर्मन वाक्य असं होतं: त्या दिवशी विमानतळावर मी माझं सगळं तारुण्य मागे सोडलं. पण कोरियन कागदावर तिथे 'त्तल' लिहिलेलं होतं. मी तालमीनंतर विचारलं, "इथे मुलगी असं आहे ना? जर्मनमध्ये ते राहून गेलंय."

चहाचे कप गोळा करणाऱ्या दोन मैत्रिणी एकदम थांबल्या. फ्राऊ चोई म्हणाल्या, "जर्मन ओळ आहे तशीच राहू दे." आणि कोट घालून बाहेर पडल्या.

मी ती तशीच ठेवली. आपल्याला काय करायचंय, असं म्हणून.

मार्चमध्ये एकदा दुपारी घरी आले तर टेबलावर माझं पत्र उघडं पडलेलं होतं. परीक्षा कार्यालयाचं. सकाळी घाईत वाचून मीच विसरले होते. त्यात सरळ लिहिलं होतं की हा माझा शेवटचा प्रयत्न असेल. फ्राऊ चोई समोर बसल्या होत्या.

"मी वाचलं," त्या म्हणाल्या. "वाचायला नको होतं. पण वाचलं. घरी माहीत आहे?"

मी पेढ्यांपर्यंत सगळं सांगितलं. वाटलं, पाठीवर हात फिरवतील. त्या चिडल्या.

"मूर्ख मुली! तुला वाटतं हे एक खोटं आहे? दर रविवारी तुला ते नव्यानं सांगावं लागेल. मी तीन वर्षं पत्रात लिहीत होते, पुढच्या वर्षी येते. पुढच्या वर्षी येते." आणि मग त्यांनी सांगितलं.

पहिला नवरा वारला तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. तीन वर्षांची मुलगी, हेसुक नावाची, मोठ्या दिरांकडे ठेवून त्या करारावर इथे आल्या. करार संपायच्या सुमारास टोमासच्या वडिलांची गाठ पडली. दुसरं लग्न केल्याचं कळल्यावर दिरांनी कळवलं, आता येऊ नका. मुलगी आमच्या नावावर लावली आहे, ती आम्हालाच आई-बाप समजते. "मी भांडायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी इथे नाईट ड्यूट्या केल्या आणि कपडे पाठवले." मोठी झाल्यावर हेसुकला खरं कळलं. तिनं एक पत्र लिहिलं, चार ओळींचं, आणि नंतर काही नाही. यजमानांना सगळं ठाऊक होतं. इथल्या मैत्रिणींनाही. टोमासला नाही.

"कोरियनमध्ये मी ते स्टेजवर म्हणणार," फ्राऊ चोई म्हणाल्या. "एकदा तरी मोठ्यानं म्हणणार. पण टोमास पडद्यावरचं वाचतो."

पुढच्या रविवारी सकाळी मी फोनकार्ड खरवडून घरचा नंबर लावला. आईनं उचलला. मी म्हटलं, बाबांना दे. आणि त्यांचा आवाज आल्याबरोबर, धीर सुटायच्या आत, सांगून टाकलं. "बाबा, मी नापास झाले. दोनदा. पेढे वाटलेत तुम्ही, ते खोट्यावर वाटलेत."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"मग आता काढून टाकणार तुला?"

"अजून एकदा बसता येतं. जुलैत. त्यात गेले तर काढतील."

"नेमकं काय जमंना तुला?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. प्राध्यापकांनीही नाही. मी म्हटलं, "कंपनं. यंत्राचा एखादा भाग हादरतो, तो हादरा पुढे कसा जातो, कुठल्या वेगाला तो एकदम वाढतो, त्याची गणितं."

"अगं, म्हणजे मागाचं खिळखिळणं," बाबा म्हणाले. "वेग वाढवला की एका ठरावीक ठिकाणी सगळा सांगाडा उड्या मारतो, आणि त्याच्या पुढं नेला की परत गप होतो. त्येच की!"

तेच होतं. पुस्तकाची चाळीस पानं तेच सांगत होती, पण माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काहीतरी हललं. बाबा कार्ड संपेपर्यंत बोलत राहिले. कुठे रबर घालतात, कुठे वजन लावतात, कुठे कान लावून ऐकतात. शेवटी म्हणाले, "आईला मी सांगतो. पेढ्यांचं बी मी बघतो."

बघितलं म्हणजे काय, ते आईनं पुढे सांगितलं. सोमवारी त्यांनी कारखान्यात माग बंद असताना सगळ्यांना ऐकवलं, "पोरगी नापास झालीया. खाल्लेलं पेढं परत मागत नाही, पण पास झाली की पुन्यांदा देणार."

त्या संध्याकाळी मी फ्राऊ चोईंना म्हटलं, "मी सांगितलं. आता तुमची पाळी."

मला वाटतं, आयुष्यात मी इतकं उद्धट कधी वागले नव्हते. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. "तू बापाला परीक्षेचं सांगितलंस. मी मुलाला काय सांगू? की मी एक पोर सोडून आले होते?" पुढे दहा दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तालमी चालू होत्या. ओळ तशीच होती.

मे महिन्यातल्या एका शनिवारी तीन वाजता प्रयोग लागला. सभागृह भरलं, मागे जादा खुर्च्या मांडाव्या लागल्या. टोमास बायकोबरोबर दुसऱ्या रांगेत बसला होता. मी मागच्या भिंतीशी, लॅपटॉप आणि बीमर, म्हणजे प्रोजेक्टर, घेऊन. खरं सांगते, माझ्याकडे दुसरी ओळही टाईप करून ठेवलेली होती. खरी. एक बटण दाबलं असतं की पडद्यावर आली असती. पण ती माझी ओळ नव्हती, आणि तिला मी हात लावायचा नाही हे मी सकाळीच ठरवून आले होते.

पहिली दहा गाणी सुरेख झाली. एकेक गाणं सुरू झालं की पुढच्या रांगांतल्या बायका आवाज न करता ओठ हलवायच्या. मग विमानतळाचा प्रसंग आला. तरुण नर्स पाठमोरी उभी, फ्राऊ चोई पुढे आल्या. मी तारुण्याची ओळ पडद्यावर टाकली. त्यांनी कोरियनमध्ये वाक्य म्हटलं. मला 'त्तल' ऐकू आलं. पियानोवाल्यानं पुढच्या गाण्यासाठी हात उचलले.

पण फ्राऊ चोई गायल्या नाहीत. त्यांनी मान वळवून पडद्यावरची ओळ वाचली. अगदी शांतपणे, एखादा रिपोर्ट वाचावा तशी. मग त्या प्रेक्षकांकडे वळल्या आणि जर्मनमध्ये म्हणाल्या, "नाईन. नाही. हे बरोबर लिहिलेलं नाही."

माझा हात आपोआप गेला आणि मी पडदा काळा केला.

"मी एक मुलगी सोडून आले," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, त्यांच्या त्या तुटक उच्चारांत, पण एकेक शब्द सुटा करून. "ती तीन वर्षांची होती. तिचं नाव हेसुक आहे. ती जिवंत आहे. टोमास, ती तुझी बहीण आहे. मी तुला सांगितलं नाही. मी घाबरले."

त्यांनी पियानोकडे बघून मान हलवली आणि अकरावं गाणं सुरू केलं. आवाज दोनदा चिरकला, तरी त्यांनी ते पूर्ण केलं. आणि पुढची तीनही गाणी केली.

मी टोमासकडे बघत होते. तो उठून गेला नाही. बायकोनं त्याच्या हातावर हात ठेवला होता आणि तो काळ्या पडद्याकडे बघत होता. प्रयोगानंतर तो आईला भेटायला पुढे गेला नाही; कोपऱ्यात जाऊन खुर्च्या दुमडू लागला. मीही दुमडू लागले. सगळ्या रचून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला नाही," तो म्हणाला आणि गेला.

पुढचे नऊ-दहा महिने तो आखनला आला नाही. नाताळलाही नाही. फ्राऊ चोई दर रविवारी त्याला फोन करायच्या. तो एक-दोन मिनिटं बोलायचा. त्या ठेवायच्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा करायच्या. एकदा मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे." त्या म्हणाल्या, "तुझ्यामुळे? मी काय लहान आहे?" आणि मग, "मला इमो म्हण आता. फ्राऊ चोई पुरे झालं." इमो म्हणजे मावशी.

जुलैत मी मेकॅनिक्सला बसले. पेपरात कंपनांचा प्रश्न होता. पास झाले, काठावर नव्हे, बऱ्यापैकी. इचलकरंजीत पेढे दुसऱ्यांदा वाटले गेले आणि या वेळी, आई म्हणते, लोकांनी ते जास्त आवडीनं खाल्ले.

टोमास वसंतात आला. आईकडून पत्ता घेऊन तो एकटाच सेऊलला जाऊन आला होता. कोरियनच्या क्लासला चार महिने घालून. हेसुक त्याला भेटली. दोन दिवस बरोबर फिरली. आईला भेटायची मात्र तिची तयारी नव्हती. इमोंनी ते ऐकून घेतलं, आणि वर्षभरानं स्वतःच तिकीट काढून गेल्या. मी विमानतळावर आणायला गेले तेव्हा विचारायची हिंमत होईना. गाडीत बसल्यावर त्यांनीच सांगितलं, "एका हॉटेलात भेटली. जेवली नाही, कॉफी घेतली. एक तास." मग पट्टा लावून म्हणाल्या, "पुढच्या वेळी दोन."

पुढच्या वेळी खरंच दोन झाले की नाही, ते त्यांनी मोजलं असेल. मला एवढंच ठाऊक आहे की त्या दरवर्षी जातात.

पदवी मिळाल्यावर मी महिनाभर इचलकरंजीला गेले. आईच्या कपाटात साडी शोधताना मला एक हॉस्पिटलची फाईल सापडली. तिच्या गर्भाशयाचं ऑपरेशन झालं होतं. तारीख बघितली. मी दुसऱ्यांदा नापास झाले होते त्याच महिन्यातली. म्हणजे मी 'पास' म्हटलं आणि पलीकडून आई 'सगळं बरं आहे' म्हणाली, तेव्हा तिचे टाके ओले होते.

"तुझी परीक्षा हुती," आई म्हणाली. "तू एवढ्या लांब. सांगून काय करणार हुतीस?"

मी खूप भांडले. आधी तिच्याशी, मग बाबांशी, आणि मग लक्षात आलं की भांडायचा हक्क मला फारसा नाही. पण भांडण फुकट गेलं नाही. आम्ही ठरवून टाकलं, रविवारच्या फोनवर आधी वाईट बातमी सांगायची. असेल ती. भाज्या आणि हवामान नंतर.

सुरुवातीला फार अवघड गेलं. आईला वाटायचं, वाईट बोललं की वाईट होतं. आता सवय झाली आहे. गेली तीन वर्षं मी जर्मनीतच, ब्योब्लिंगेनला असते, गाड्यांच्या सीटचं कापड तपासण्याच्या कामावर. बॉस चिडका आहे, हेही त्यांना माहीत आहे. लग्नाचं एक जमता जमता मोडलं, तेही मी त्याच आठवड्यात सांगितलं. बाबांना कमी ऐकू येऊ लागलं आहे, हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, ओरडून.

लोक विचारतात, आता तुझं घर कुठलं? आखनच्या त्या पोटमाळ्यावरच्या खोलीत आता दुसरी मुलगी राहते, आणि इचलकरंजीच्या आमच्या गल्लीतले जुने शेजारीही बदलले. जागेवरून मला सांगता येत नाही. ज्या दारात काही लपवून आत जावं लागत नाही ते घर, एवढंच मला उमगलं आहे. आणि ते दार आपोआप उघडत नाही, दोन्ही बाजूंनी हात लावावा लागतो. तिकडे राहिलेल्यांनो, आम्हाला जपू नका. आम्ही लांब आहोत, नाजूक नाही.

हे लिहिते आहे ते दोन हजार नऊच्या नोव्हेंबरात. गेल्या रविवारी फोन लागल्याबरोबर बाबा म्हणाले, "आधी वाईट. डावा गुडघा गेलाय. डॉक्टर म्हणतोय गुडघाच बदलायचा, पंधरा तारखेला."

"मी येते," मी म्हटलं.

"कशाला? रजा वाया घालवू नको. आई हाय की हितं."

मी तरी कॅलेंडर काढून तारखा बघू लागले. मग ते म्हणाले, "भ्या वाटतंय गं थोडं."

आणि जरा वेळानं, "बरं. ये."